शाळेने आखलेले जग



शाळा-कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या मुलांना जग ठाऊक नसते, ही तक्रार आपल्याकडे वर्षातून एकदा तरी होतेच. कोणी पदवीधर नायजेरिया दक्षिण अमेरिकेत असल्याचे सांगतो, कोणाला पहिले महायुद्ध केव्हा संपले हे सांगता येत नाही, आणि मग वर्तमानपत्रांतून नव्या पिढीच्या नावाने हळहळ व्यक्त होते. या तक्रारीत तथ्य आहे, परंतु तिचा रोख चुकलेला आहे. माणसाला काय ठाऊक नाही, यालाही एक आकार असतो आणि तो आकार बहुतांशी शाळेने दिलेला असतो. दहा वर्षे सरकारमान्य पुस्तके वाचलेल्या माणसाला जगाचा कोणता भाग ठळक दिसतो, कोणता पुसट दिसतो आणि कोणता मुळीच दिसत नाही, हे त्याच्या बुद्धीपेक्षा अभ्यासक्रम समित्यांच्या निर्णयांवर अधिक अवलंबून असते. म्हणून मुलांच्या अज्ञानाची चौकशी करण्यापूर्वी त्यांना मिळालेल्या ज्ञानाची चौकशी करणे उचित ठरेल.

महाराष्ट्राचेच उदाहरण घ्यावे. १९६७ साली स्थापन झालेल्या पाठ्यपुस्तक मंडळाने, म्हणजे बालभारतीने, दहावीच्या भूगोलाचे नवे पुस्तक २०१८ साली आणले. हे सबंध पुस्तक भारत आणि ब्राझील या दोन देशांच्या तुलनेवर उभे आहे. स्थान व विस्तार, प्राकृतिक रचना, हवामान, वनस्पती, लोकसंख्या, मानवी वस्ती, व्यवसाय, वाहतूक, अशा प्रत्येक प्रकरणात एका बाजूला भारत आणि दुसऱ्या बाजूला ब्राझील. या पुस्तकाची थट्टा करण्याचे मुळीच कारण नाही. जुन्या भूगोलात भूशिरांची, बंदरांची आणि पिकांची जंत्री पाठ करावी लागे. हे पुस्तक आलेख वाचायला, नकाशा पाहायला आणि कारण शोधायला लावते. त्याचा पहिलाच पाठ क्षेत्रभेटीवर आहे. तुलना हा समाजशास्त्राचा प्राण आहे आणि ती शाळेत शिकवली जाते, हे स्वागतार्हच आहे.

अडचण निराळी आहे. दहावीनंतर विज्ञान, वाणिज्य किंवा आयटीआयकडे वळणाऱ्या बहुसंख्य मुलांच्या आयुष्यातले हे शेवटचे भूगोलाचे पुस्तक ठरते. खालच्या इयत्तांत खंड आणि महासागर येऊन गेलेले असतात, पण एखाद्या परदेशाशी सविस्तर परिचय होतो तो येथेच. त्यामुळे कोकणातला मुलगा ब्राझीलच्या उच्चभूमीविषयी आणि ॲमेझॉनच्या खोऱ्याविषयी चार परिच्छेद लिहू शकतो. मात्र ज्या मस्कतमध्ये त्याचा मामा नोकरी करतो, त्या ओमानमध्ये पाऊस का पडत नाही आणि तिथली जुनी बंदरे कोणाशी व्यापार करीत, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. सरळ रेषेत मोजले तर मुंबईहून मस्कत हे कोलकात्यापेक्षाही थोडे जवळच आहे.

या पुस्तकाच्या वाट्याला २०२० च्या मार्चमध्ये एक विलक्षण योग आला. ९ मार्चला पुण्यात दुबईहून परतलेल्या प्रवाशांना करोनाची लागण झाल्याचे निष्पन्न झाले आणि महाराष्ट्रात त्या साथीचा प्रवेश झाला. दहावीचा भूगोलाचा पेपर २३ मार्चला व्हायचा होता. तो आधी पुढे ढकलला गेला, नंतर रद्दच झाला, आणि इतर विषयांतील गुणांच्या सरासरीने भूगोलाचे गुण देण्यात आले. वुहान, इटली, दुबई ही ठिकाणे घरोघरी नकाशात शोधली जात होती, नेमका त्याच वेळी परीक्षेतून गळाला तो भूगोल.

इतिहासाची कथा याहून काही वेगळी नाही. आठवीच्या पुस्तकात ‘युरोप आणि भारत’ अशा एका पाठात प्रबोधन, अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध, फ्रेंच राज्यक्रांती आणि औद्योगिक क्रांती एवढे सारे उरकावे लागते. दहावीत २०१८ साली जो इतिहास आला त्यात इतिहासलेखनाच्या परंपरा, उपयोजित इतिहास, प्रसारमाध्यमे, मनोरंजन, खेळ, पर्यटन असे विषय आहेत. ते विषय निरर्थक नाहीत. पण व्हॉल्टेअर, हेगेल आणि मार्क्स हे इतिहासकार म्हणून काय म्हणत होते, हे ज्या मुलाने वाचायचे त्याला त्यांच्या काळातल्या युरोपात काय घडत होते याची माहिती जेमतेम एका जुन्या पाठातून मिळालेली असते. केंद्रीय पातळीवर तर २०२२ साली अभ्यासक्रमाचा भार हलका करण्याच्या नावाखाली अकरावीच्या जागतिक इतिहासाच्या पुस्तकातून चार प्रकरणे काढण्यात आली. मानवाच्या आरंभाचे प्रकरण गेले, मध्ययुगीन इस्लामी प्रदेशांचे गेले, युरोपीय आणि अमेरिकेतील मूळच्या संस्कृती यांच्या संघर्षाचे गेले, आणि औद्योगिक क्रांतीचेही गेले. कारखाना आणि मजुरी ही ज्या घडामोडीतून जन्मली, तिचाच भार विद्यार्थ्यांना होतो, असे ठरवणाऱ्यांना वाटले असावे.

आता याच्या शेजारी आणखी एक गोष्ट ठेवून पाहावी. केंद्रीय लोकसेवा आयोगाने २०१३ साली आपल्या मुख्य परीक्षेचा अभ्यासक्रम बदलला आणि त्यात अठराव्या शतकापासूनचा जगाचा इतिहास सर्व उमेदवारांना अनिवार्य केला. म्हणजे ज्याला जिल्हाधिकारी व्हायचे आहे त्याला औद्योगिक क्रांती, महायुद्धे, वसाहतींचा अंत हे सर्व ठाऊक असले पाहिजे. शासनाच्या लेखी ते ज्ञान राज्य करणाऱ्याला आवश्यक आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेला तरुण पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या एखाद्या अभ्यासिकेत, वयाच्या बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी, छापील टिपणांतून प्रथमच जगाच्या इतिहासाला सामोरा जातो. महागड्या आंतरराष्ट्रीय शाळेतल्या त्याच्या समवयस्काला ते बाराव्या वर्षीच, रंगीत ॲटलास आणि ग्रंथालयासह, मिळालेले असते. ज्ञानाची ही वाटणी कोणी ठराव करून केलेली नाही. पण ती जमिनीच्या वाटणीइतकीच खरी आहे.

या वाटणीविरुद्ध पहिला अर्ज महाराष्ट्रात केव्हा दाखल झाला, हे येथे जमलेल्या शिक्षकांना ठाऊक असेलच. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी सादर केलेले निवेदन शिक्षणविषयक चर्चांत वारंवार आठवले जाते. त्यातला मुख्य मुद्दा असा की, सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या पदरात पडतो. तेव्हा प्राथमिक शिक्षण प्रथम बहुजनांना मिळाले पाहिजे. परंतु त्याच निवेदनातील एक तपशील सहसा नजरेआड राहतो. शेतकऱ्यांच्या मुलांना शाळेत काय शिकवावे, हेही फुल्यांनी तेथे सांगितले आहे. मोडी आणि बाळबोध लेखन-वाचन, हिशेब, व्याकरण, शेतीची मूलतत्त्वे, नीती व आरोग्य यांचे काही पाठ, आणि या सर्वांच्या जोडीला सामान्य इतिहास व सामान्य भूगोल यांचे प्राथमिक ज्ञान. शेतकऱ्याच्या मुलाला पेरणीचे ज्ञान हवे हे कोणीही म्हटले असते. त्याला इतिहास-भूगोल हवा, आणि तोही एका प्रांतापुरता न अडकलेला, हे म्हणणारे फुले होते.

त्यांच्यापुढे तेव्हा जे शिक्षण होते त्याचा पाया १८३५ च्या मेकॉलेच्या टिपणाने पक्का केला होता. त्या टिपणात मेकॉलेने हिंदी विद्यांची जी कुचेष्टा केली, ती इतिहास आणि भूगोल या विषयांवरूनही केली. हजारो वर्षे राज्य करणारे अवाढव्य राजे आणि गोड पाकाचे व लोण्याचे समुद्र, असे चित्र रंगवून त्याने संस्कृत-अरबी विद्येला सरकारी पैसा देण्यास विरोध केला. पुराणांतला भूगोल प्रयोगाला उतरत नाही, हे खरेच होते. फुल्यांनी पुराणांची चिकित्सा मेकॉलेहून कितीतरी कठोरपणे केली आहे. प्रश्न असा की क्षीरसमुद्राच्या जागी आले काय? आले ते इंग्लंडच्या राजघराण्यांचे सनावळीसह वर्णन. गोमंतकात पणजीच्या लिसेवमधला अभ्यासक्रम पोर्तुगालच्या धर्तीवर चाले. तेरेखोलच्या अलीकडच्या मुलाने टेम्स पाठ करायची आणि पलीकडच्याने तेजू. दोघांनाही मधली तेरेखोलची खाडी पुस्तकात भेटत नसे.

फुल्यांनी स्वतःची जगाची ओळख मात्र या चौकटीबाहेर करून घेतली होती. थॉमस पेनचे ‘मानवी हक्क’ त्यांनी तरुणपणी वाचले होते. १८७३ साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झाली तेव्हा त्यांनी ते पुस्तक अमेरिकेतील त्या लोकांना अर्पण केले, ज्यांनी निग्रोंना दास्यातून सोडवण्यासाठी झीज सोसली. अर्पणपत्रिकेचा हा उल्लेख आपल्या पाठ्यपुस्तकांतून व भाषणांतून होतो, पण एखाद्या सद्भावनेच्या उद्गारासारखा होतो. ज्या युद्धात ती गुलामगिरी संपली त्या युद्धाचा आणि महाराष्ट्राचा आणखी एक संबंध होता, आणि तो सद्भावनेचा नव्हता.

तो संबंध कापसाचा. अमेरिकेच्या दक्षिणेतील राज्यांत गुलामांच्या श्रमावर पिकणारा कापूस हाच लँकेशायरच्या गिरण्यांचा मुख्य आधार होता. १८६१ साली अमेरिकन यादवी युद्ध सुरू झाले, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली आणि इंग्लंडला जाणारा कापूस आटला. मँचेस्टरचे लक्ष साहजिकच मुंबई बंदराकडे वळले. वऱ्हाड, खानदेश, गुजरात येथील कापसाला कधी न मिळालेला भाव मिळू लागला. व्यापाऱ्यांनी सावकारांना आगाऊ पैसा दिला, सावकारांनी तो खेड्यांत ओतला. कर्ज मिळणे कधी नव्हे इतके सोपे झाले. मुंबईत तर पैशाचा पूर आला. समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्यांचे शेअर्स लोक डोळे मिटून घेऊ लागले. त्या तेजीतले सर्वांत मोठे नाव प्रेमचंद रायचंद यांचे. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर त्यांच्या देणगीतून उभा राहिला आणि त्याला त्यांच्या आईचे नाव मिळाले. त्या मनोऱ्याखालून परीक्षेला जाणाऱ्या किती पिढ्यांना मिसिसिपीच्या मळ्यांशी त्याचे नाते ठाऊक होते?

१८६५ साली युद्ध संपले. अमेरिकेचा कापूस पुन्हा बाजारात आला, भाव कोसळले, मुंबईतल्या कंपन्या आणि बँका बुडाल्या. व्यापाऱ्यांनी हात आखडते घेतले तसे सावकारांनीही घेतले. त्याच सुमारास, म्हणजे १८६७ पासून, पुणे जिल्ह्यात इंदापूरपासून जमीनमहसुलाची फेरआकारणी सुरू झाली आणि सारा मोठ्या प्रमाणावर वाढला. नवे कर्ज मिळेना, जुने फिटेना आणि सारा तर भरलाच पाहिजे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजारच्या दिवशी रयतेने सावकारांच्या दुकानांवर हल्ला केला. खतावण्या आणि कर्जरोखे हस्तगत करून जाळले. पुणे आणि नगर जिल्ह्यांत हे लोण पसरले. त्यातून चौकशी आयोग नेमला गेला आणि १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांना संरक्षण देणारा कायदा झाला. पुणे-नगरच्या त्या तालुक्यांत कापूस किती पिकत होता आणि दंग्यांच्या मागे कापसाचा वाटा नेमका किती, सारावाढीचा किती, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत, आणि ते मुलांपुढे मांडावेत इतके चांगले मतभेद आहेत. पण पतपुरवठ्याची भरती-ओहोटी मँचेस्टरहून मुंबईत आणि मुंबईहून गावात येत होती, हे दिसायला फार मोठी विद्वत्ता लागत नाही.

केंद्राच्या बारावीच्या इतिहासाच्या पुस्तकात हा दुवा फार चांगल्या रीतीने आलेला आहे, हे सांगितले पाहिजे. परंतु बारावीला कलाशाखा घेऊन, त्यातही त्या मंडळाच्या शाळेत बसून, इतिहास शिकणारी मुले कोण आणि किती? इतरांना अमेरिकेचे युद्ध भेटलेच तर परदेशाच्या इतिहासात भेटते, फुले समाजसुधारकांच्या पाठात भेटतात, सुप्याचे दंगे शेतकऱ्यांच्या उठावांच्या यादीत भेटतात आणि कापूस भूगोलात, काळ्या मातीच्या प्रकरणात भेटतो. चार वेगवेगळ्या तासांना, चार वेगवेगळ्या घंटांनंतर. त्या चार गोष्टी एकाच कालखंडातल्या आणि एकाच दोऱ्यातल्या आहेत, हे सांगणारा तास वेळापत्रकात नाही.

याचे मोल कोण देते? १९ ऑगस्ट २०२५ पासून केंद्र सरकारने परदेशी कापसावरील ११ टक्के आयात शुल्क काही काळासाठी स्थगित केले. अमेरिकेने भारतीय मालावर लादलेल्या ५० टक्के कराची पार्श्वभूमी त्यामागे होती. कापडगिरण्यांना स्वस्त कच्चा माल मिळावा हा उद्देश. त्याच वेळी यवतमाळ-अकोल्याचा शेतकरी आपला कापूस बाजारात आणण्याच्या तयारीत होता. या निर्णयाचे समर्थन करता येईल, विरोधही करता येईल; पण दोन्हींसाठी टेक्सासचा कापूस, तिथली अनुदाने, तिरुपूरचे होजिअरी कारखाने आणि वऱ्हाडातले जिनिंग एकत्र डोळ्यांपुढे उभे राहावे लागतात. ते चित्र ज्याच्यापुढे कधी उभेच केले गेले नाही त्याला भाव पडला की दोनच कारणे दिसतात, एक नशीब आणि दुसरा गावातला व्यापारी. १८७५ च्या रयतेलाही समोर सावकारच दिसला होता.

हाच विच्छेद आफ्रिकेच्या बाबतीत अधिक ढोबळपणे दिसतो. मलिक अंबरचे नाव महाराष्ट्रातल्या प्रत्येक शाळकरी मुलाला ठाऊक असते. निजामशाहीचा वजीर, गनिमी काव्याचा जाणकार, जमीनमहसुलाची व्यवस्था लावणारा, पुढे औरंगाबाद झालेल्या खडकीचा संस्थापक. तो हबशी होता, एवढेही पुस्तक सांगते. हबशी म्हणजे हबसाणातला, अबिसिनियातला, आजच्या इथिओपियातला. सोळाव्या शतकाच्या मध्यास तिथे जन्मलेला एक मुलगा गुलाम म्हणून विकला जातो, अरबस्तान आणि बगदादच्या बाजारांतून फिरत दख्खनला येतो आणि मोगलांच्या सेनेला वर्षानुवर्षे थोपवून धरतो, ही केवढी मोठी जागतिक कथा आहे! परंतु त्या पाठाच्या दिवशी वर्गात आफ्रिकेचा नकाशा उघडला जात नाही. जंजिऱ्याला दर हिवाळ्यात शेकडो शाळांच्या सहली जातात. मुले कलालबांगडी तोफ पाहतात, सिद्दीचे नाव ऐकतात आणि परत येतात. आफ्रिका मग त्यांना भेटते ती जंगल, जिराफ आणि दुष्काळ यांच्या चित्रांतून.

नकाशादेखील या कामी हातभार लावतो. मर्केटरने १५६९ साली तयार केलेला नकाशा खलाशांसाठी होता. दिशा अचूक राहावी म्हणून त्यात ध्रुवांकडचे प्रदेश फुगवलेले आहेत. दर्यावर्द्यांचे ते साधन शाळेच्या भिंतीवर जगाचे चित्र म्हणून टांगले गेले, आणि आता मोबाइलच्या पडद्यावरही बहुधा तेच दिसते. त्यात ग्रीनलंड आफ्रिकेएवढे भासते. प्रत्यक्षात आफ्रिका ग्रीनलंडच्या सुमारे १४ पट आहे आणि आपला भारतसुद्धा ग्रीनलंडपेक्षा दीडपट मोठा आहे. आर्नो पीटर्स यांनी १९७३ साली क्षेत्रफळ खरे दाखवणाऱ्या नकाशाचा आग्रह धरला, तेव्हा तज्ज्ञांशी त्यांचा मोठा वाद झाला. त्या नकाशात आकार ओढलेले दिसतात, हा आक्षेप रास्तच होता. गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडताना काहीतरी खोटे बोलावेच लागते. कोणते खोटे आणि कोणाच्या सोयीचे, एवढेच ठरवता येते, आणि मुलांना शिकवण्याजोगा भाग तोच आहे. २०१७ साली बॉस्टनच्या सार्वजनिक शाळांनी पीटर्सचे नकाशे वर्गांत लावले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आफ्रिकी संघाने मर्केटरच्या नकाशाचा वापर थांबवण्याच्या मोहिमेला पाठिंबा दिला. आपल्याकडे मात्र अरबस्तानाला अजून ‘मध्यपूर्व’ म्हणण्याची सवय सुटलेली नाही. मुंबईच्या किनाऱ्यावर उभे राहिले तर तो प्रदेश मावळतीला आहे. पूर्वेला असतो तो लंडनहून पाहणाऱ्याच्या.

वेळेचीही हीच तऱ्हा. ८२ अंश ३० मिनिटे पूर्व रेखावृत्त मिर्झापूरजवळून जाते, हे वाक्य कोणाला पाठ नाही? ग्रीनिचचे रेखावृत्त शून्य मानावे, हे १८८४ साली वॉशिंग्टनच्या परिषदेत मतदानाने ठरले आणि फ्रान्स त्यावेळी तटस्थ राहिला, हे मात्र पुस्तकात क्वचितच असते. शून्य जणू पृथ्वीनेच स्वतःवर आखून घेतले होते. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. मुंबईची स्थानिक वेळ तिच्याहून ३९ मिनिटे मागे. घड्याळ पुढे सरकले म्हणजे गिरणीचा भोंगा तेवढाच आधी वाजणार. त्या जानेवारीत मुंबईच्या गिरणी कामगारांनी नव्या वेळेला विरोध केला आणि शहराची महापालिका त्यानंतरही चार दशकांहून अधिक काळ मुंबई वेळेला चिकटून राहिली. रेखावृत्तांचा पाठ या प्रसंगापासून सुरू केला तर लालबाग-परळच्या मुलाला तो परका वाटणार नाही.

या सर्व विवेचनातून असा समज होऊ नये की शाळेने दिले नाही म्हणून लोकांना जग मुळीच ठाऊक नव्हते. रत्नागिरी आणि जंजिऱ्याच्या परिसरातील खलाशी पी अँड ओ कंपनीच्या आगबोटींवर डेकचे काम करीत. गोव्याचे तारवटी त्याच बोटींच्या भोजनगृहांत आणि भटारखान्यांत असत. एडन, सुएझ, लंडन, सिडनी या बंदरांची नावे त्यांच्या घरांतल्या बायका-मुलांच्या तोंडी होती. १८३४ नंतर करारबद्ध मजूर म्हणून मॉरिशसला गेलेल्यांत मराठी बोलणारेही होते आणि त्यांच्या वंशजांनी तिथे मराठी टिकवली आहे. अण्णाभाऊ साठे यांचे शालेय शिक्षण जवळजवळ झालेच नाही. त्यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात स्तालिनग्रादचा पोवाडा रचला आणि तो गिरणगावातल्या श्रोत्यांपुढे गायला. व्होल्गेकाठच्या त्या शहराशी आपला काय संबंध, असे त्या श्रोत्यांनी विचारल्याचे ऐकिवात नाही. पुढे १९६१ साली अण्णाभाऊ स्वतः रशियाला गेले आणि त्यावर त्यांनी पुस्तक लिहिले. जवाहरलाल नेहरूंनी मुलीला जगाचा इतिहास पत्रांतून लिहून पाठवला, तोही १९३० ते १९३३ या काळात आणि मुख्यतः तुरुंगातून. चळवळ, तुरुंग, बोट आणि गिरणी, इतक्या ठिकाणी जे ज्ञान वाढले त्याला शाळेने आपल्या दारात कधी बोलावले नाही. आखातातून सुट्टीवर आलेल्या सुताराला किंवा गवंड्याला वर्गात तासभर बोलायला बोलावणारी शाळा विरळाच. तो गरीब असतो आणि बोलीत बोलतो, म्हणून त्याला ठाऊक असलेला भूगोल हा भूगोल ठरत नाही.

शिक्षणशास्त्रज्ञ यावर एक उत्तर देतील. ज्ञाताकडून अज्ञाताकडे जावे, हा अध्यापनाचा नियम आहे. म्हणून आधी गाव, मग तिसरीत जिल्हा, मग राज्य, मग देश आणि शेवटी जग. हा क्रम वरवर निर्दोष दिसतो. पण त्यात एक क्रूरता दडलेली आहे. जग शेवटी येणार असेल तर जे मूल शेवटपर्यंत शाळेत राहत नाही त्याच्यापर्यंत ते येतच नाही. ऊसतोडीच्या हंगामात आईबापांबरोबर फडावर जाणारे बीडचे मूल जिल्ह्यापाशी थांबते, फार तर राज्यापाशी. शिवाय जवळचे म्हणजे स्थानिक, हे समीकरणच चुकीचे आहे. तिसरीतल्या मुलाच्या घरात खताचे रिकामे पोते अंथरलेले असते. त्यातले पोटॅश भारतात निघत नाही. ते कॅनडा, रशिया, बेलारूस, जॉर्डन अशा देशांतून येते आणि २०२२ साली युक्रेनमध्ये युद्ध पेटले तेव्हा ते महागले. वाण्याच्या दुकानातले पाम तेल इंडोनेशिया-मलेशियाचे. इंडोनेशियाने २०२२ च्या एप्रिलअखेर काही आठवडे त्याची निर्यात थांबवली तेव्हा त्याची चर्चा गावच्या दुकानातही झाली असेल. जिल्ह्याच्या भूगोलात याला जागा का नसावी?

मेकॉलेच्या कुचेष्टेला उत्तर म्हणून, सारे काही आपल्याच पूर्वजांना ठाऊक होते असे सांगणारी पुस्तके लिहिणे, हा यावरचा उपाय होऊ शकत नाही. सोपारा, कल्याण आणि चौल ही बंदरे पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवर्णनात येतात, ती या किनाऱ्यावर परक्यांची ये-जा होती म्हणूनच. वास्को द गामाने १४९८ साली मार्ग ‘शोधला’ असे लिहिताना, मालिंदीहून त्याच्याबरोबर वाट दाखवणारा जाणता खलाशी होता, हेही लिहिले म्हणजे पुरे. त्यासाठी बढाई मारण्याची गरज पडत नाही.

महाराष्ट्रात नवा अभ्यासक्रम २०२५ पासून पहिलीच्या वर्गापासून टप्प्याटप्प्याने लागू होऊ लागला आहे. २०२४ साली त्याच्या आराखड्याचा मसुदा हरकतींसाठी खुला झाला तेव्हा मनुस्मृतीतील श्लोकावरून आणि भाषाविषयांच्या स्थानावरून वाद झाले, आणि ते व्हायलाच हवे होते. वरच्या इयत्तांच्या इतिहास-भूगोलाच्या पुस्तकांचा प्रश्न त्या गदारोळात बाजूला राहिला. शिक्षक संघटनांनी त्या पुस्तकांविषयी आतापासूनच लेखी सूचना द्याव्यात. इतिहास आणि भूगोल यांचा निदान एक संयुक्त पाठ प्रत्येक इयत्तेत असावा आणि कापसाचा पाठ आठवीतच यावा. दहावीत एका दूरच्या देशाबरोबर एक शेजारी देशही तुलनेला घ्यावा; नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका, ओमान यांपैकी कोणताही चालेल. मलिक अंबरच्या पाठाला आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याचा आणि अरबी समुद्राचा नकाशा जोडावा. आणि या सूचना पाठवताना १८८२ च्या निवेदनाची एक प्रत सोबत जोडावी. शेतकऱ्यांच्या मुलांसाठी सामान्य इतिहास आणि सामान्य भूगोल यांची मागणी त्यात अगोदरच नोंदलेली आहे.